दोन याद्या, एक विमान: आग्नेय आशियातील निर्वासितांचे जाणे आणि परतणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून बाहेर पडलेल्या लोकांसाठी १९७९ नंतर दोन उलट्या दिशांच्या योजना चालल्या. एकीतून लोक रीतसर परवाना घेऊन देशाबाहेर गेले, दुसरीतून छावण्यांतले लोक मायदेशी परतले. या योजना प्रत्यक्षात चालत कशा होत्या, कागद कोणते लागत, हातात काय मिळे, त्या कुठे अडत, आणि 'स्वेच्छेने' या शब्दात कितपत तथ्य होते?

या दोन योजना वेगवेगळ्या मानून वाचल्या की बरेच काही निसटते. दोन्हींचे रोजचे काम एकच होते: दोन सरकारांनी आपापल्या परीने केलेल्या याद्या जुळवणे. नाव दोन्हीकडे असले की विमानात जागा मिळे. एकाच यादीत असले की माणूस वर्षानुवर्षे लोंबकळत राही. राजकारण, दयाबुद्धी, पैसा हे सगळे होतेच, पण ते शेवटी यादीतूनच माणसापर्यंत पोचत होते.

सुरुवात १९७९ च्या उन्हाळ्यातली. एकट्या जून महिन्यात सुमारे ५४ हजार माणसे होड्यांतून शेजारी देशांच्या किनाऱ्याला लागली. मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, सिंगापूर आणि फिलिपाइन्स या पाच देशांनी आता आणखी कोणाला घेणार नाही असे जाहीर केले, आणि होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जाऊ लागल्या. त्याआधी थोडे दिवस, ३० मे १९७९ रोजी, संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय, म्हणजे यूएनएचसीआर, आणि व्हिएतनाम सरकार यांच्यात सात कलमांचा सामंजस्य करार झाला होता. हीच ती सुव्यवस्थित निर्गमन योजना, कामाच्या भाषेत ओडीपी. कुटुंबाकडे जाऊ इच्छिणाऱ्यांना आणि मानवतेच्या दृष्टीने इतर पात्र लोकांना देशातूनच, घरातूनच, अर्ज करून बाहेर पडता यावे हा तिचा हेतू. निवड शक्यतो व्हिएतनाम आणि घेणारा देश या दोघांच्या याद्यांवरून व्हायची. दोन्हींत नाव असेल तो पात्र. एकाच यादीत असेल त्याच्याबद्दल यूएनएचसीआरने संबंधित सरकारांशी बोलणी करायची, असे करारात स्पष्ट लिहिले होते.

निर्वासित म्हणजे सीमा ओलांडलेला माणूस, ही कायद्यातली मूळ कल्पना. निर्वासितांसाठीच्या संस्थेने अजून देश न सोडलेल्या माणसाला बाहेर काढायचे, हे तेव्हा नवीनच होते, आणि त्यावर टीकाही झाली. जुलै १९७९ मध्ये जिनिव्हात ६५ देश जमले. पुनर्वसनाच्या जागांची आश्वासने १ लाख २५ हजारांवरून २ लाख ६० हजारांवर गेली, आणि व्हिएतनामने बेकायदा निर्गमन रोखण्याचे कबूल केले. या कबुलीचा दुसरा अर्थ असा की रीतसर वाट उघडली आणि बिनपरवाना पळणाऱ्याची वाट सरकारी बळाने बंद झाली. रीतसर वाट काही वर्षे फारच अरुंद होती, हे लक्षात घेतले तर तो सौदा कोणाला महाग पडला ते कळते.

(याच देशात रीतसर जाण्यायेण्याचा एक जुना प्रयोग होता आणि त्याच्याशी भारताचा संबंध आहे. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये ३०० दिवस नागरिकांना बाजू बदलण्याची मोकळीक होती. त्यावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. सोबत पोलंड आणि कॅनडा. त्या काळात आठ लाखांहून अधिक लोक दक्षिणेला गेले.)

आता ओडीपीची प्रत्यक्ष पद्धत. अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण सर्वात मोठा हिस्सा तिचा. तिकडचा नातेवाईक स्वयंसेवी संस्थेमार्फत नात्याचे प्रतिज्ञापत्र भरून देई किंवा स्थलांतर खात्याकडे रीतसर अर्ज करी. हनोईत अमेरिकेचा दूतावास नसल्याने फाइल बँकॉकच्या ओडीपी कार्यालयात उघडे आणि तिला एक क्रमांक मिळे. प्रकरण प्रथमदर्शनी पात्र वाटले की बँकॉकहून एक परिचयपत्र निघे. ते घेऊन अर्जदाराने आपल्या भागातल्या पोलिसांकडे बाहेर जाण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. परवाना मंजूर झाला की नाव व्हिएतनामच्या यादीत येई. मग बँकॉकहून अधिकारी विमानाने हो चि मिन्ह शहरात येत आणि मुलाखती घेत. त्यात मंजुरी मिळाली की वैद्यकीय तपासणी आणि मग तान सन न्यात विमानतळावरून बँकॉक. तपासणीत संसर्गजन्य क्षयरोग निघाला तर उपचार पूर्ण होईपर्यंत प्रवास थांबे, आणि बहुतेक वेळा सगळे कुटुंबच थांबे. बँकॉकमध्ये काही दिवसांचा मुक्काम करून कोणी थेट पुढे जाई, कोणाला फिलिपाइन्सच्या बातानमधल्या केंद्रात काही महिने इंग्रजी आणि तिकडच्या राहणीचे धडे घ्यायला पाठवत. निर्वासित म्हणून जाणाऱ्याचे विमानभाडे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेकडून उसने मिळे. पोचल्यावर ते हप्त्यांनी फेडायचे, तशी सही निघण्याआधीच घेतली जाई. तिकीट भेट मिळाले असे समजणाऱ्या घरांना पहिले बिल आल्यावर धक्का बसे.

या साखळीत सर्वात ठिसूळ दुवा परवान्याचा. परिचयपत्र हातात असूनही स्थानिक अधिकारी अर्ज घेत नसे, किंवा घ्यायचे पैसे मागे. अर्ज केला हे कळताच नोकरी जाणे, मुलांना शाळेत अडवणे असे प्रकार होत. उलट, व्हिएतनाम आपल्या मर्जीने ज्यांना परवाने देई त्यांतले अनेक अमेरिकेच्या निकषांत बसतच नसत. सुरुवातीच्या व्हिएतनामी याद्यांत चिनी वंशाच्या लोकांचा भरणा होता. अमेरिकेला हवे होते आपले जुने कर्मचारी, नातेवाईक आणि पुनर्शिक्षण छावण्यांतून, म्हणजे नव्या राजवटीने जुन्या दक्षिण व्हिएतनामच्या लोकांना डांबलेल्या तुरुंगांतून, सुटलेले कैदी. परवाना मिळालेले पण मुलाखत न झालेले लोक साचत गेले आणि याच कारणाने जानेवारी १९८६ मध्ये व्हिएतनामने अमेरिकेसाठीच्या मुलाखती थांबवल्या. त्या पुन्हा सुरू व्हायला १९८७ उजाडले. तरीही १९८४ मध्ये पहिल्यांदा असे झाले होते की ओडीपीने गेलेल्यांची संख्या होडीने पोचलेल्यांपेक्षा जास्त भरली. योजना सुरू होऊन त्याला पाच वर्षे लागली.

खरा वेग आला तो विशिष्ट गटांसाठी वेगळे नियम ठरल्यावर. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेने कायदा करून अमेरिकन सैनिकांपासून झालेल्या मुलांना आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना दार उघडले. बापाचा कागद बहुतेकांकडे नव्हताच. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनाम कम्युनिस्टांच्या हाती पडल्यावर घाबरून आयांनी फोटो, पत्रे जाळून टाकली होती. म्हणून मुलाखत घेणारा अधिकारी चेहऱ्यावरून निर्णय देऊ शकत असे. ज्या मुलांना रस्त्यावर हिणवले जात होते त्यांना एकाएकी भाव आला. पैसेवाली कुटुंबे अशा मुलाला 'आपला' म्हणून दाखवू लागली, आणि अमेरिकेत उतरताच काहींनी त्याला वाऱ्यावर सोडले. मग अधिकारी घरातल्यांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारू लागले: मूल कोणाजवळ झोपायचे, टेटच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या, सणाला कोण घरी आले होते. त्यात खोटी घराणी पकडली गेली, पण दत्तक घेतलेली खरी घराणीही नाकारली गेली, कारण गरीब घरातले दत्तकविधान कागदावर होतच नाही.

३० जुलै १९८९ रोजी दुसरा करार झाला, पुनर्शिक्षण छावण्यांत किमान तीन वर्षे काढलेल्या माजी कैद्यांसाठी. येथे निर्णायक कागद म्हणजे सुटकेचा दाखला. तीन वर्षांना काही महिने कमी भरले, दाखल्यावरच्या तारखा अर्जातल्या तारखांशी जुळल्या नाहीत, नावातली स्वरचिन्हे गळाली, जन्मवर्ष चुकले, की फाइल बाजूला पडे. व्हिएतनामी नावांत चिन्हे गळाली की दोन वेगळी माणसे एक दिसतात. एकसारखे आडनाव तर लाखोंचे. म्हणून नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव या तिन्हींवरून जुळणी करायची हा नियम अनुभवातून पक्का झाला. नव्या नोंदणीची मुदत सप्टेंबर १९९४ अखेर संपली, जुन्या फायली पुढे चालू राहिल्या आणि १९९९ मध्ये बँकॉकचे कार्यालय बंद झाले. १९८० ते १९९७ या काळात या वाटेने ६ लाख २३ हजारांहून अधिक लोक गेले, त्यांतले सुमारे ४ लाख ५८ हजार अमेरिकेत.

मग परत पाठवण्याची वेळ का आली? कारण रीतसर वाट उघडी असतानाही होड्या थांबल्या नाहीत. १९७९ च्या व्यवस्थेत होडीतून उतरलेला प्रत्येक जण आपोआप निर्वासित धरला जाई आणि त्याला कोणत्या तरी देशात जागा मिळे. १९८० च्या दशकाच्या शेवटी गरिबीला कंटाळून निघालेले, पुनर्वसनाच्या कोणत्याच निकषात न बसणारे लोक वाढले, विशेषतः उत्तर व्हिएतनाममधून हाँगकाँगकडे. हाँगकाँगने १६ जून १९८८ ही तारीख ठरवली: त्यानंतर उतरेल त्याची छाननी, म्हणजे तो खरोखर निर्वासित आहे का याची तपासणी. आसियान देशांनी, म्हणजे वर सांगितलेल्या पाच शेजाऱ्यांच्या गटाने, मार्च १९८९ मधल्या तारखा ठरवल्या, बहुतेकांची १४ मार्च. जून १९८९ मध्ये जिनिव्हात सर्वंकष कृती आराखडा मंजूर झाला, ज्याला सगळे सीपीए म्हणत. त्याचा हिशेब असा: छाननीत निर्वासित ठरला तर तिसऱ्या देशात पुनर्वसन, नाही ठरला तर मायदेशी परत, आणि मायदेशातून निघायचे असेल त्याला ओडीपी. तिन्ही बाजू एकमेकींवर टेकलेल्या होत्या. घरी जाऊन रीतसर अर्ज करा, असे छावणीतल्या माणसाला सांगता येत होते ते ओडीपी जिवंत होती म्हणूनच.

परतण्याचा पाया १३ डिसेंबर १९८८ च्या यूएनएचसीआर-व्हिएतनाम करारात घातला गेला. बेकायदा देश सोडल्याबद्दल शिक्षा होणार नाही आणि यूएनएचसीआरचे लोक परतलेल्यांच्या घरी जाऊन विचारपूस करू शकतील, या त्यातल्या दोन महत्त्वाच्या हमी. २ मार्च १९८९ रोजी हाँगकाँगहून ७५ जणांची पहिली तुकडी गेली.

छावणीत इच्छुक माणूस नाव नोंदवी. यूएनएचसीआरचा कर्मचारी एकट्याला बसवून बोले. हे एकटेपण महत्त्वाचे, कारण बराकीत नेतेगिरी करणाऱ्या टोळ्या परतू पाहणाऱ्याला गद्दार ठरवून मारहाण करत, आणि नवराबायकोचे मत नेहमी एक नसे. अर्जात शेवटचा पत्ता प्रांत, जिल्हा, गाव अशा क्रमाने, घराच्या नोंदवहीत नाव कोणाखाली होते, निघण्याची तारीख, सोबतची माणसे हे भरले जाई. ते कागद हनोईला जात आणि तिथे हा आपलाच नागरिक आहे का, त्या गावचा आहे का याची खातरजमा होई. तोवर नोंदवलेल्या लोकांना शक्यतो वेगळ्या विभागात हलवायचे, हा सुरक्षेचा साधा उपाय. विमान ठरले की तपासणी आणि प्रवासाचे कागद; उतरल्यावर स्वागत केंद्रात नोंद, गावापर्यंतच्या प्रवासाची सोय, आणि मग स्थानिक कार्यालयात हजेरी.

अडचणी कुठे येत? छावणीत जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला नसला तर ते व्हिएतनामच्या यादीत येत नसे आणि आईबापही थांबत. छावणीत लागलेल्या लग्नांचा पेच वेगळाच: नवरा छाननीत निर्वासित ठरलेला, बायको नाकारलेली, किंवा दोघे वेगवेगळ्या प्रांतांतले. पण सर्वात अवघड गट व्हिएतनाममध्ये राहिलेल्या चिनी वंशाच्या काही लोकांचा. व्हिएतनाम म्हणे हे आमचे नागरिक नाहीत, आणि दुसरा कोणी देश त्यांना आपले म्हणत नसे. स्वेच्छा असून उपयोग शून्य.

गावी पोचल्यावर सगळे घराच्या नोंदवहीवर अवलंबून. 'हो खाउ' म्हणतात ती. तिच्यात नाव नसेल तर त्या काळी रेशन, शाळा, नोकरी, जमिनीचा वाटा, काहीच सरळ नव्हते. होडी घ्यायला घर विकून निघालेल्यांना नाव चढवायला पत्ताच नसे. भावाच्या नाहीतर सासरच्या वहीत नाव घालावे लागे आणि त्यासाठी त्यांची संमती. यूएनएचसीआरच्या घरभेटींत छळाच्या तक्रारींपेक्षा अशा कागदी आणि पोटापाण्याच्या तक्रारी कितीतरी जास्त आल्या.

पैशाचे प्रमाण हा स्वतंत्र विषय. परतणाऱ्याला माणशी २४० ते ३६० डॉलर, हप्त्यांनी, व्हिएतनामच्या श्रम मंत्रालयामार्फत मिळत. हप्ते अशासाठी की एकरकमी पैसा सावकाराकडे किंवा नव्या होडीत जाऊ नये. तरीही १९९१ च्या सुमारास काही जण पैसे घेऊन परतले आणि पुन्हा होडीने हाँगकाँगला आले. गावात शेजाऱ्याने वर्षभर राबून जे मिळवावे ते पळून जाऊन परतलेल्याला मिळाले, तर शेजारीही होडी शोधणारच. भत्ता इतका हवा की पहिले वर्ष निभावे, आणि इतका नको की निघून जाणे हाच धंदा व्हावा. नव्याने येणाऱ्यांच्या भत्त्याला कात्री लावल्यावर आणि असे दुबार आलेले लोक थेट परत पाठवायचे ठरल्यावर हा प्रकार ओसरला. याहून चांगला उपाय युरोपीय समुदायाच्या कर्ज कार्यक्रमाचा: ३०० ते २० हजार डॉलरपर्यंतची कर्जे, आणि ती परतलेल्यांना तसेच गावातल्या इतरांनाही. त्याचबरोबर यूएनएचसीआरने पाणी, शाळा, रस्ते अशा छोट्या कामांवर खर्च केला. गावाला काही मिळाले की परतलेल्याबद्दल कुरबूर कमी होते, हे त्यामागचे गणित.

आता 'स्वेच्छा'. १२ डिसेंबर १९८९ रोजी पहाटे हाँगकाँगने ५१ जणांना सक्तीने विमानात बसवून हनोईला पाठवले. जगभर ओरड झाली आणि तो मार्ग जवळजवळ दोन वर्षे बंद राहिला. ऑक्टोबर १९९१ मध्ये ब्रिटन, हाँगकाँग आणि व्हिएतनाम यांच्यात सुव्यवस्थित परतीचा करार झाला आणि नोव्हेंबरपासून नाकारलेल्यांना त्यांच्या संमतीशिवाय पाठवणे सुरू झाले. यूएनएचसीआर स्वतः फक्त स्वेच्छेच्या परतीत उतरत होती. पण पाठीमागे सक्तीचे विमान उभे असताना दिलेली संमती कितपत मोकळी, हा प्रश्न राहतोच. माझ्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. छाननी न्याय्य झाली असेल, अपील ऐकले गेले असेल, आणि घरी धोका नाही हे कोणी स्वतंत्रपणे पाहत असेल, तर 'राहण्याचा हक्क नाही, पण जाण्याची वेळ आणि पद्धत तुम्ही निवडा' असे म्हणणे गैर नाही. मात्र त्याला स्वेच्छा म्हणू नये. गडबड अशी की छाननी सगळीकडे सारखी नव्हती. काही देशांत लाचेच्या तक्रारी इतक्या होत्या की नाकारला गेलेला माणूस खरोखर अपात्र होता असे छातीठोकपणे म्हणता येत नव्हते.

छावणीतला माणूस कशावरून निर्णय घेतो याचा उत्तम धडा १९९५ चा आहे. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात नाकारलेल्यांची पुन्हा छाननी करावी अशी तरतूद पुढे आली. ती कायदा झाली नव्हती, पण बातमी बराकींत पोचली आणि स्वेच्छेने परतण्याची नोंदणी कोसळली. घरी जाऊन बसलेला मूर्ख ठरणार, अशीच सगळ्यांची समजूत झाली. ती कोंडी फुटली १९९६ मध्ये, अमेरिकेने उलट अट घातल्यावर: आधी व्हिएतनामला परता, तिथे मुलाखत घेऊ. ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवून परतलेल्यांना ही संधी मिळाली आणि हजारो लोक त्या मार्गाने नंतर अमेरिकेत गेले. म्हणजे जाण्याची यादी परतीच्या विमानाला जोडली आणि दोन्ही हलल्या. हे आधीच केले असते तर छावण्यांत अश्रुधूर कमी लागला असता. ३० जून १९९६ रोजी सीपीए संपला. तोवर आणि त्यानंतर मिळून १ लाख ९ हजारांहून अधिक व्हिएतनामी परतले.

एकट्या मुलांबाबत वेगळी नोंद हवी. त्यांच्यासाठी विशेष समित्या नेमल्या होत्या: मुलाचे हित पुनर्वसनात की आईबापांकडे परतण्यात, हे ठरवायला. हेतू उत्तम, पण घरभेटीचे अहवाल आणि बैठका यांत दोनदोन वर्षे गेली. बारा वर्षांचे मूल तारांच्या कुंपणात चौदाचे झाले आणि मग त्याला आईकडे पाठवायचे ठरले. अशा प्रकरणात उशीर हाच सर्वात मोठा अपाय असतो. पहिल्या काही आठवड्यांत कुटुंबाचा शोध आणि एकाच अधिकाऱ्याकडे निर्णय, एवढे केले तरी अर्धे काम होते.

कंबोडियाचे प्रकरण आकाराने मोठे आणि स्वभावाने निराळे. तिथला इतिहास आधीच भीषण होता. जून १९७९ मध्ये थायलंडने ४० हजारांहून अधिक कंबोडियनांना प्रेआ विहारच्या कड्यावरून सुरुंग पेरलेल्या उतारावर ढकलले होते. पुढच्याच वर्षी, जून १९८० मध्ये, यूएनएचसीआरने एकेकाला विचारून सुमारे नऊ हजारांना स्वेच्छेने परत पाठवले. पण त्यांतले पुष्कळ थायलंडमधल्या साकेओ छावणीतले होते, आणि ती ख्मेर रूजच्या, म्हणजे व्हिएतनामी सैन्याने कंबोडियातून हुसकावलेल्या पोल पॉटच्या गटाच्या, ताब्यात होती. व्हिएतनामला ती शत्रूची कुमक वाटली आणि काही दिवसांतच त्याच्या सैन्याने सीमा ओलांडून हल्ला केला. प्रत्येक माणसाची संमती खरी असूनही सगळी मोहीम युद्धाचा भाग ठरू शकते, हे तेव्हा कळले.

ऑक्टोबर १९९१ च्या पॅरिस शांतता करारानंतर मोठी मोहीम निघाली. ३० मार्च १९९२ रोजी ५२७ जणांचा पहिला ताफा पोइपेटमार्गे सिसोफोनला गेला आणि साधारण तेरा महिन्यांत ३ लाख ६० हजारांहून अधिक लोक परतले. मोहिमेचे प्रमुख सर्जिओ व्हिएरा दि मेलो. मे १९९३ च्या निवडणुकीआधी संपवायचे, ही न हलणारी तारीख. थायलंडच्या बाजूला ठरावीक एकत्रीकरण स्थळे, तिथून बस आणि मालवाहू ट्रक, पलीकडे सिसोफोन, बात्तामबांग, पुर्सात, सिएम रीप आणि नोम पेन्ह येथील स्वागत केंद्रे, आणि पुढे राजधानीपर्यंत दुरुस्त केलेल्या रुळांवरून आगगाडी.

मूळ बेत असा होता की प्रत्येक घराला दोन हेक्टर शेतजमीन द्यायची. छावण्यांत तसे सांगितलेही गेले. नकाशावर जमीन भरपूर दिसली. प्रत्यक्ष पाहणीत सुरुंग, मलेरिया, आणि 'मोकळी' म्हणून दाखवलेली पण गावातल्या कोणाच्या तरी वहिवाटीत असलेली शेते निघाली. १९९२ च्या मध्यात योजना बदलावी लागली. आता पर्याय असे: शक्य तिथे जमीन, घराची जागा आणि बांधकामाचे साहित्य, किंवा रोख, प्रौढाला ५० डॉलर आणि बारा वर्षांखालच्या मुलाला २५. सोबत भांडी-अवजारांचा संच आणि जागतिक अन्न कार्यक्रमाकडून ४०० दिवसांचे धान्य, नोम पेन्हच्या परिसरात २०० दिवसांचे. दहांतल्या आठांहून अधिक घरांनी रोख घेतली. टीकाकारांनी म्हटले, पैसे देऊन माणसे वाटेला लावली. पण रोख रकमेने माणूस स्वतःच ठरवू शकला की आपला नातेवाईक कुठे आहे आणि तिथे जावे. जमिनीच्या आशेने तो बात्तामबांगच्या सुरुंगांत अडकला असता. ४०० दिवस का, तर एक पेरणी चुकली तरी दुसऱ्या कापणीपर्यंत पोट भरावे. धान्य संपेपर्यंत ज्याची सोय लागली नाही तो मात्र शहराच्या कडेला गेला, आणि बारा-तेरा वर्षे रेशनवर वाढलेल्या मुलांना भाताची लावणी कधी शिकायलाच मिळाली नव्हती.

कुठे जायचे हे माणसाने निवडायचे, गटाच्या पुढाऱ्याने नाही, यावर ठाम राहणे ही या मोहिमेची खरी कमाई. सीमेवरच्या मोठ्या छावण्या लढणाऱ्या गटांच्या ताब्यात होत्या आणि प्रत्येक गटाला आपली माणसे आपल्या मुलखात न्यायची होती.

लाओसबद्दल थोडक्यात. तिथली परती १९८० पासून थेंबाथेंबाने सुरू होती, १९९१ मध्ये लाओस, थायलंड आणि यूएनएचसीआर यांच्या त्रिपक्षीय कराराने वाढली. ह्मोंग या तिथल्या डोंगराळ भागातल्या जमातीचे लोक मात्र कचरत होते. बान विनाई छावणीतला त्यांचा नेता वु माई १९९२ मध्ये परतून व्हिएन्तिएनला गेला, लोकांना विश्वास वाटावा म्हणून. १९९३ मध्ये तो नाहीसा झाला. एका ठळक माणसाला नमुना म्हणून पुढे करण्याचा धोका हाच असतो. डिसेंबर २००९ मध्ये थायलंडने सुमारे साडेचार हजार ह्मोंगांना फेत्चाबूनहून परत पाठवले तेव्हा यूएनएचसीआरला त्यांची छाननीही करू दिली नव्हती.

आजच्या परतीच्या योजनांकडे पाहताना हीच कसोटी लावा. ऑगस्ट २०१९ मध्ये म्यानमारने ३,४५० रोहिंग्यांची नावे मंजूर केली, बांगलादेशने बस उभ्या केल्या, आणि एकही जण चढला नाही. दोन्ही सरकारांच्या याद्या जुळल्या होत्या. नागरिकत्व, आपल्याच गावात आपलीच जमीन, आणि तिथे कोणी तटस्थ देखरेख करणारा, यांपैकी काहीच ठरलेले नव्हते. १९८८ च्या व्हिएतनाम करारात शिक्षा न होण्याची लेखी हमी आणि घरभेटींचा हक्क होता. विश्वास बसायला तेवढे तरी लागते.

आणि कुठल्याच यादीत न बसलेल्यांचे काय? फिलिपाइन्समध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये पालावानहून सक्तीने पाठवणी सुरू झाल्यावर कॅथलिक चर्चने विरोध केला आणि उरलेल्यांना तिथेच राहू दिले गेले. त्यांतल्या बऱ्याच जणांना २००५ पासून अमेरिकेने घेतले. हाँगकाँगने २००० मध्ये शेवटच्या सुमारे १,४०० जणांना, ज्यांत व्हिएतनामने नाकारलेले चिनी वंशाचे लोकही होते, राहण्याचा परवाना दिला आणि मे अखेरीस पिलर पॉइंट केंद्र बंद केले.